थंडीत हॉटेलचा हॉल गार पडतोय, हीटर कोणते घ्यावे? आणि कूलर-एसी बंद करताना काय काय करायचं?

पारोळ्याचा_हॉटेलवाला

रामराम मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून सगळं एकदमच लिहितो. एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे हायवेला आमचं फॅमिली हॉटेल आहे, चार वर्षं झाली. हॉल ४० बाय ३० फुटांचा, छत ११ फूट, साठ माणसं बसतात. उन्हाळ्याची तयारी आम्ही व्यवस्थित केलेली आहे कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यात हॉल थंडगार नसला तर गाडी थांबतच नाही. हॉलमधे दोन-दोन टनाचे चार स्प्लिट एसी आहेत, त्यातले दोन मागच्या वर्षी घेतले, किचनला छतावरून मोठा डक्ट कूलर, भट्ट्यांवर धूर ओढून घेणारा १० फूट लांब ४ फूट रुंद हूड आणि एक्झॉस्टचा ब्लोअर वर छतावर. थंडीचा विचार मात्र कधी केलाच नाही.

अडचण अशी की आमचा खरा सीझन थंडीतच असतो. डिसेंबर-जानेवारीत भरीत-भाकरीवाली गर्दी, बामणोदची हिरवी वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजून, त्यात कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा, रात्री ८ ते ११ एक टेबल रिकामं नसतं. आणि गेले पंधरा दिवस नेमकं तेव्हाच हॉल असा गार पडतो की लोक स्वेटर घालून जेवतात. परवा एक आजी आल्या होत्या, त्यांनी शालीतून हातच बाहेर काढला नाही, सूनबाई घास भरवत होती, मला बघवलं नाही. भाकरी तव्यावरून टेबलावर जाईपर्यंत गार होते. समोरचा काचेचा दरवाजा आत उघडणारा आहे, तो पूर्ण लागतच नाही, दोन बोटं उघडा राहतो आणि त्या फटीतून शिट्टी वाजल्यासारखा वारा येतो, डोअर क्लोजर दोनदा बदलला तरी तेच. दिवाळीनंतर किचनचा कूलर बंद करून वरून ताडपत्री बांधून टाकली, तरीही गारठा कमी नाही.

एका ठेकेदाराने सांगितलं २ किलोवॅटचे सहा हीटर लावा. मेव्हणा म्हणतो कशाला खर्च करतोस, चार कोपऱ्यात कोळशाच्या शेगड्या ठेव, लग्नात ठेवतात तशा. दुसरं म्हणजे सकाळी गॅसचं प्रेशरच येत नाही, सिलिंडरवर बर्फ धरतो. आणि एसी-कूलर थंडीपुरते बंद ठेवताना काय काळजी घ्यायची तेही सांगा, मागच्या वर्षी तसेच सोडले तर मार्चमधे एका एसीचा पीसीबी, म्हणजे आतलं सर्किटचं कार्ड, उंदरांनी खाल्लेला निघाला.

भरीतवाली_धुळे

भाऊ, बाकीचं नंतर, आधी हे वाचा. शेगडी हॉलमधे ठेवू नका. एक पण नाही, दहा मिनिटं पण नाही. लग्नात ठेवतात ती उघड्या मांडवात, तुमचा हॉल काचा लावून बंद केलेला आहे. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, डोळ्याला पण झोंबत नाही, त्यामुळे माणसाला कळतच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोराने चिकटतो, म्हणून श्वास चालू असून शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझं धुळ्यात छोटं हॉटेल आहे, भांडी घासायच्या मोरीत आम्ही गॅस गिझर बसवला होता, थंडीत बायकांचे हात गारठतात म्हणून. मागच्या जानेवारीत वारा येतो म्हणून त्यांनी खिडकीला पुठ्ठा लावला. तासाभरात एक जण म्हणाली डोकं जड झालंय, दुसरीला मळमळ, मला वाटलं उपाशी असतील, चहा करायला सांगितला. चहा घ्यायला उठली ती तिथेच खाली बसली. नशीब की माझा मुलगा तेवढ्यात आला आणि त्याने खेचून बाहेर अंगणात आणलं, पुठ्ठा फाडला. दोघी वाचल्या, पण दवाखान्यात रात्रभर ऑक्सिजन लावून होत्या आणि मी बाहेर बाकड्यावर बसून होते. त्या दिवशीच गिझर काढला, आता इलेक्ट्रिकचा आहे, बिल जास्त येतं, येऊ दे.

तर थंडीत बंद जागेत दोन-तीन माणसांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर पित्त झालं असेल असं धरून बसू नका, सगळ्यांना आधी बाहेर काढा. आणि तुमच्या तंदूरचा धूर पूर्ण हूडमधे जातो का ते पण बघा.

एसी_मिस्तरी_भुसावळ

ताईंनी एक नंबर सांगितलं. मी हॉटेलांच्या एसी-एक्झॉस्टचं काम करतो, वीस वर्षं होत आली. भाऊ तुम्ही तुमच्या प्रश्नातच उत्तर लिहून ठेवलंय, फक्त उलट्या बाजूने बघताय. तुम्ही म्हणता कूलर बंद करून ताडपत्री बांधली तरीही गारठा आहे. मी म्हणतो ताडपत्री बांधली म्हणूनच गारठा आहे.

कसं ते सांगतो. छतावरचा ब्लोअर किचनमधून हवा ओढून बाहेर फेकतो, बरोबर? जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी कुठून तरी आत यावीच लागते, ती काही किचनमधे पैदा होत नाही. उन्हाळ्यात ती कूलरमधून यायची. आता कूलरचं तोंड तुम्ही बांधलं, मग ब्लोअर ती हवा हॉलमधून ओढतो आणि हॉल ती समोरच्या दरवाजाच्या फटीतून, बाथरूमच्या खिडकीतून, फॉल सीलिंगच्या भोकांतून, मिळेल तिथून. तुमचा दरवाजा लागत नाही त्यात क्लोजरचा दोष नाही, बाहेरची हवा त्याला आत ढकलतेय. किचनचा स्प्रिंगचा दरवाजा पण बघा, तो किचनच्या बाजूला ओढलेला राहत असेल.

हीटर घ्यायच्या आधी आज रात्री एक अगरबत्ती लावा. आठ-साडेआठला, एक्झॉस्ट फुल चालू असताना. पहिल्यांदा समोरच्या दरवाजाच्या फटीशी धरा, मग किचनच्या पास-खिडकीशी, म्हणजे जिथून ताटं हॉलमधे देता तिथे, मग मोरीच्या दाराशी, आणि धूर कुठे जातो ते लिहा. नंतर कूलरची ताडपत्री सोडा, पाण्याचा पंप बंदच ठेवा, नुसता पंखा चालू करा आणि परत तेच करा.

पारोळ्याचा_हॉटेलवाला

दादा आत्ता करून आलो, रात्रीचे बारा वाजलेत पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. ताडपत्री असताना दरवाजाशी धूर अक्षरशः आडवा झाला आणि सरळ हॉलमधे, पास-खिडकीशी तर अगरबत्तीचं टोकच लालभडक झालं एवढी ओढ. ताडपत्री सोडून पंखा लावला तर दरवाजाशी धूर जवळजवळ सरळ वर जायला लागला आणि दरवाजा आपोआप लागला, खट करून, वेटर लोक बघत राहिले. दिवाळीनंतर पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

पण आता आचारी वैतागलाय. साक्रीकडचा आहे, म्हणतो भाऊ मानले थंडी लागस. भट्टीवर उभा राहिला की कूलरची हवा थेट त्याच्या मानेवर. आणि हॉलमधे फोडणीचा वास पण यायला लागला. मग आता?

एसी_मिस्तरी_भुसावळ

वास आला म्हणजे कूलर आता गरजेपेक्षा जास्त हवा टाकतोय. हिशोब मांडतो, तुम्ही मापं दिली ते फार बरं केलं, बहुतेक जण देत नाहीत.

हूड १० बाय ४, म्हणजे ४० चौरस फूट. भट्टी-तंदूरच्या हूडला तोंडाशी मिनिटाला साधारण १०० फूट वेगाने हवा ओढली गेली पाहिजे, म्हणजे ४००० सीएफएम, मिनिटाला ४००० घनफूट. तुमचा अख्खा हॉल ४० गुणिले ३० गुणिले ११, म्हणजे १३,२०० घनफूट. म्हणजे सगळी हवा हॉलमधून ओढली गेली तर सव्वातीन-साडेतीन मिनिटांत तुमच्या पूर्ण हॉलची हवा बाहेर आणि त्या जागी हायवेवरची गार हवा आत. बाहेर १२ अंश असेल आणि तुम्हाला आत २२ पाहिजे असेल तर एवढी हवा गरम करायला २२ किलोवॅटच्या आसपास लागतात, म्हणजे २ किलोवॅटचे अकरा हीटर, ते पण सतत चालू. ठेकेदाराचे सहा लावले असते तरी आजी शालीतच बसल्या असत्या आणि बिल मात्र आलं असतं.

आता करायचं काय तर एक्झॉस्टच्या ८५-९० टक्के हवा कूलरच्या डक्टमधून सरळ किचनला द्यायची, म्हणजे तुमच्या केसमधे ३४००-३६०० सीएफएम, आणि राहिलेली १०-१५ टक्केच हॉलकडून येऊ द्यायची. ती थोडी ओढ पाहिजेच, नाहीतर फोडणीचा वास, धूर सगळं हॉलमधे येणार, तुम्ही आज बघितलंच. कूलरला दोन-तीन स्पीड असतील तर सगळ्यात कमी ठेवा. एकच स्पीड असेल आणि बेल्टवर चालणारा ब्लोअर असेल तर पुली बदलून फेरे कमी करता येतात, थ्री-फेज मोटर असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचे फेरे कमी-जास्त करणारं यंत्र, बसवा, दोन्ही नको असेल तर डक्टमधे डॅम्पर, म्हणजे हवा अडवणारी झडप, टाकून अर्धा बंद करा. किती बंद करायचा ते मीटर नसेल तर अगरबत्तीच सांगते, पास-खिडकीशी धूर हळू, एकसारखा किचनकडे झुकला की समजायचं जमलं.

आचाऱ्याच्या मानेचं सोपं आहे. ग्रिलच्या पट्ट्या फिरवून हवा समोरच्या भिंतीकडे वळवा म्हणजे ती भिंतीला लागून खाली पसरते. किचन एवढं तापलेलं असतं की त्याला गार हवा लागतेच, फक्त माणसाच्या अंगावर झोत नको. ग्रिल हूडच्या अगदी जवळ असेल तर तेही बदला, जोराचा झोत हूडच्या तोंडावरून गेला की धूर हूडच्या बाहेर ढकलला जातो.

आता गंमत बघा, साठ माणसं जेवायला बसली की प्रत्येकाच्या अंगातून साधारण १०० वॅट गरमी निघते, म्हणजे भरलेल्या हॉलमधे ६ किलोवॅट तुमचे गिऱ्हाईकच देतात. बाहेरची गार हवा ४०० ते ६०० सीएफएमवर आणली की ती गरम करायला दोन-सव्वातीन किलोवॅट पुरतात, काचेतून-भिंतीतून जाते ती थोडी वेगळी. त्यामुळे मदत लागणार ती सात वाजता हॉल रिकामा आणि गार असतो तेव्हाच.

आणि त्यासाठी हीटर घ्यायची घाई करू नका. मागच्या वर्षीचे दोन एसी म्हणता ना, त्यांच्या रिमोटवर मोडचं बटण दाबत जा, सूर्याचं चित्र, म्हणजे गरम मोड, येतं का बघा आणि मॉडेल नंबर मला सांगा. रिमोट कॉमन असतो, कधी कधी चित्र असतं पण मशीन नुसतं कूलिंगचं असतं, म्हणून नंबर पाहिजे.

जिनिंगवाला_चोपडा

मिस्तरी दादांच्या हवेच्या हिशोबात बोलायला जागा नाही. पण हीटर अगदीच नको असं म्हणू नका, समोर ओसरी किंवा लॉन असेल आणि तिथे पंगत बसत असेल तर तिथे हवा गरम करून काही उपयोग नाही, तिथे लाल किरणांचे हीटर लावावे लागतात, ते हवा नाही तर समोरचा माणूस तापवतात, उन्हासारखं. मात्र वायरिंग बघून. २ किलोवॅटचा एक हीटर पावणेनऊ अँपिअर खेचतो, तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच पाहिजे आणि स्वतःच्या एमसीबीवर, म्हणजे फ्यूजच्या जागी असतो त्या स्विचवर. एक्स्टेंशन बोर्डावर दोन लावले की बोर्ड वितळतोच, मी वितळलेला बघितलाय. सहा लावायचे तर १२ किलोवॅट, आधी मंजूर भार किती आहे ते महावितरणच्या बिलावर बघा.

दुसरं, पारोळा पट्टा म्हणजे कापूस. दिवाळीपासून हायवेवरून कापसाच्या गाड्या जातात, तो कापूस उडतो आणि एसीच्या आउटडोअरच्या जाळीला गोधडीसारखा चिकटतो, वरून रस्त्याची धूळ बसते. आमच्या ऑफिसच्या आउटडोअरवरून मी हाताने सोलून काढलाय, अख्खी चादर निघते. थंडीत एसी बंद करताना तो तसाच सोडला तर दवाने ओला होतो, आतल्या पत्र्याला चिकटून बसतो, मग एप्रिलमधे एसी थंडच करत नाही आणि लोक म्हणतात गॅस गेला. कूलरच्या पॅडचं पण तेच.

शहाद्याचा_नाना

गॅसचं मी सांगतो, आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला थंडी तुमच्यापेक्षा कडक. सिलिंडरमधे गॅस पातळ असतो, तो वाफ होताना स्वतःच्याच अंगातली गरमी घेतो. सकाळी हवा गार, त्यात तुम्ही एका १९ किलोच्या सिलिंडरवर तीन भट्ट्या आणि तंदूरचा बर्नर एकदम लावता, मग त्याला तेवढी गरमी बाहेरून मिळत नाही, तो गार पडत जातो, दव धरतो, मग बर्फ, आणि प्रेशर बसतं. सिलिंडरमधे गॅस असतो बरं का, लोक अर्धा भरलेला परत पाठवून देतात.

उपाय एकच, जास्त सिलिंडर एकत्र जोडा. मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडर जोडतात त्या सामाईक पाइपला, एका वेळी एक चालवत असाल तर दोन-तीन एकदम उघडा म्हणजे प्रत्येकावर ओढ कमी पडते. मात्र उकळतं पाणी ओतणं, खाली शेगडी सरकवणं, आडवा पाडणं, हे कोणालाच करू देऊ नका. आडवा केला की वाफेऐवजी पातळ गॅस लाइनमधे येतो आणि बर्नरशी भडका होतो. आमच्या इथे एका पोराने पाणी गरम करायच्या कॉइलची बादली सिलिंडरला टेकवून ठेवली होती, मी त्याच्यावर आयुष्यात एवढा ओरडलो नाही.

अजून एक, थंडी लागते म्हणून गॅस बँकेला, म्हणजे सिलिंडर ठेवायच्या जागेला, ताडपत्री लावू नका. तुम्हाला ताडपत्रीची सवय दिसते म्हणून मुद्दाम सांगतोय. हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साचतो, खालची जाळी उघडीच पाहिजे. गॅस गळती सांगणारं यंत्र असेल तर ते पण खाली, जमिनीपासून वीतभर वर.

भरीतवाली_धुळे

नानांचं बरोबर. मी हूडचं सांगायचं विसरले होते. थंडी पडली की डब्यातलं तूप थिजतं ना, तसंच हूडच्या फिल्टरवर आणि डक्टच्या आतल्या अंगाला तेल थिजतं, गरमीत जे ओघळून खालच्या वाटीत येतं ते थंडीत वरच बसतं. आमच्या ओळखीच्या एका हॉटेलात तंदूरची ठिणगी वर गेली आणि डक्ट आतून पेटला, अर्ध्या तासात छतावरच्या ब्लोअरचा कोळसा. त्यामुळे थंडीत फिल्टर धुवायची पाळी आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा. कडकडीत पाणी आणि कॉस्टिक सोडा, हातमोजे आणि चष्मा घालून, पण फिल्टर स्टीलचे असतील तरच, ॲल्युमिनियमचे कॉस्टिकने काळे पडून झिजतात, त्यांना साधं भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी. डक्ट मात्र माणूस बोलावून आतून खरवडून घ्या. दिवा लावून मोबाईलने फोटो काढा म्हणजे तुम्हालाच कळेल.

पारोळ्याचा_हॉटेलवाला

चार-पाच दिवस लिहिता आलं नाही, सगळं करत बसलो होतो. सगळ्यांना सांगतो काय झालं ते.

कूलरला तीन स्पीड निघाले, सगळ्यात कमी ठेवला तरी थोडा वास येत होता म्हणून डॅम्पर टाकला, आता पास-खिडकीशी धूर अलगद किचनकडे जातो. ग्रिलच्या पट्ट्या वळवल्या, आचारी आता म्हणतो आते बरं वाटस. त्याआधी पॅड काढले तर काय सांगू, एका बाजूला क्षारांचा अर्धा इंच थर, पांढरा दगड, आणि दुसऱ्या बाजूला चोपड्याच्या भाऊंनी सांगितला तसा कापूस. टाकीत तळाशी चार बोटं पाणी होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, दिवाळीपासून तसंच होतं, बघून अंगावर काटा आला, खाली माझी पोरं खेळतात. सगळं उपसलं, घासलं, उन्हात वाळवलं, पंप काढून आत ठेवला, कोरडे पॅड परत लावले म्हणजे धूळ अडेल.

नंबर मिस्तरी दादांना पाठवला होता, दोन्ही एसी हॉट अँड कोल्ड निघाले. एक वर्ष माझ्या भिंतीवर हीटर लटकत होता आणि मी हीटर शोधत फिरत होतो. साडेसहाला लावतो, २३ वर, आठपर्यंत हॉल उबदार, गर्दी झाली की एक बंद करतो. काल पहिल्यांदा कोणी तरी म्हणालं की जरा गरम होतंय, पंखा लावा.

हीटर एकही घेतला नाही. शेगडीचा विषय तर मेव्हण्याला ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, तो गप्पच झाला. सिलिंडर तीन एकदम जोडले. डक्टचा फोटो काढला तो इथे टाकायची लाज वाटते, सोमवारी माणूस येतोय.

आता दोन प्रश्न. एसी गरम चालवताना मधेच पाच मिनिटं वारा बंद होतो आणि आउटडोअरमधून पाणी गळतं, बिघाड आहे का? आणि बाकीचे दोन एसी थंडीभर बंद ठेवतोय, एक मेकॅनिक म्हणतो आत्ताच गॅस टॉप-अप करून घ्या, थंडीत स्वस्तात करून देतो.

एसी_मिस्तरी_भुसावळ

वाचून बरं वाटलं भाऊ. पहिल्या प्रश्नाचं, बिघाड नाही. गरम मोडमधे आउटडोअरची कॉइल गार असते, बाहेरच्या हवेतला ओलावा तिच्यावर जमतो, कधी बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन थोडा वेळ उलटं चालतं, तेवढ्यात आत गार वारा येऊ नये म्हणून आतला पंखा थांबतो. आपल्याकडे थंडी कोरडी म्हणून ते कमी वेळा होतं. फक्त गळणारं पाणी पायरीवर येत नाही ना बघा, पहाटे कोणी घसरायला नको. आणि गरम मोडमधे फ्लॅप खाली ठेवा, तुम्ही उन्हाळ्यासारखा वर ठेवला असेल तर गरम हवा छताला जाऊन बसते. छताचा एखादा पंखा एकदम हळू ठेवला तर ती खाली येते. ही मशीन एक युनिट विजेत साधारण तीन युनिटची गरमी देतात, कारण बाहेरच्या हवेतली गरमी उचलून आत आणतात, साधा हीटर एकाला एकच देतो, म्हणून बिलात फरक दिसेल.

दुसऱ्याचं, थंडीत टॉप-अप करू नका. गॅसचं प्रेशर बाहेरच्या तापमानावर असतं, १५ अंशाला काटा कमीच दाखवणार, तो कमी दिसला म्हणून मेकॅनिक भरत जातो, मग तोच एसी मे महिन्यात ४४ अंशाला हाय प्रेशरवर ट्रिप होतो किंवा कंप्रेसर जातो. दर उन्हाळ्यात माझ्याकडे अशी दोन-चार तरी कामं येतात. गॅस खरंच कमी असेल तर गळती कुठे आहे ते आधी शोधायचं, बुजवायची, व्हॅक्युम करायचा आणि प्लेटवर लिहिलेल्या वजनाने काट्यावर मोजून भरायचा. आउटडोअरला पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटांशी तेलकट डाग दिसतो का ते तुम्हीच बघू शकता, तो नसेल आणि दिवाळीपर्यंत एसी चांगला थंड करत होता तर हात लावायचं काम नाही.

बंद ठेवायच्या दोघांचं असं करा. फिल्टर धुवून पूर्ण वाळवून लावा, मग अर्धा तास नुसत्या फॅन मोडवर चालवा म्हणजे आतली कॉइल कोरडी होते, नाहीतर मार्चमधे कुबट वास येतो. आउटडोअरचा कापूस मऊ ब्रशने उभा-उभा काढून पाण्याने धुवा, प्रेशर पंप जवळून मारू नका, पत्रे आडवे होतात. आउटडोअरला प्लास्टिकमधे गुंडाळू नका, आत दव साचून गंजतं आणि उंदरांना घर मिळतं, नुसता वरून पत्रा किंवा फळी ठेवा, बाजू मोकळ्या. तुमचा पीसीबी खाल्ला तो उंदीर पाइपच्या भोकातून गेलेला असणार, शेतातलं पीक निघालं की ते घरात-हॉटेलात घुसतातच, त्या भोकात भांडी घासायचा तारेचा घोस कोंबा आणि वरून पुट्टी, तार त्यांना कुरतडता येत नाही. एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी चिकटवा म्हणजे कोणी वेटर चुकून लावणार नाही. ड्रेनचा पाइप गटारीला जोडलेला असेल तर ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा पाण्याचा वाक, वाळतो आणि गटारीचा वास हॉलमधे येतो, महिन्यातून एकदा मगभर पाणी ओता.

किचनचा कूलर जानेवारीभर बंद ठेवू नका, एक्झॉस्टबरोबरच चालू आणि एक्झॉस्टबरोबरच बंद. दोन्हींचा स्विच एकत्र करून घ्या, कॉन्टॅक्टर टाकून कोणताही इलेक्ट्रिशियन तासाभरात करून देईल, म्हणजे घाईत कोणी एकच लावलं असं होणार नाही.

फेब्रुवारी संपता संपता दुपार तापायला लागली की पंप परत बसवा, पॅड तेव्हा नवीन टाका, क्षार धरलेलं ते पॅड अजून एक उन्हाळा काढणार नाही. डॅम्पर पण त्या दिवशी उघडा, आत्ता किती उघडा आहे तिथे पत्र्यावर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या दिवाळीला परत अगरबत्ती घेऊन शोधत बसायला नको.

पारोळ्याचा_हॉटेलवाला

खूण आत्ताच करून आलो. आजींच्या सूनबाईंचा नंबर बुकिंगच्या वहीत सापडला, रविवारी सगळ्यांना बोलावलंय, दारापासून लांबचं टेबल ठेवतोय त्यांच्यासाठी.